दूरशिक्षण : देणारे आणि घेणारे

आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. माझा थोरला भाऊ बारावीनंतर तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागला. त्याच्याच पगारातून माझी फी भरली जाते. गेल्या वर्षी त्यानेही मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातले. "तुझं खरं कॉलेज, माझं आपलं नावापुरतं," असे तो म्हणतो. हे कितपत खरे, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

शिक्षक व विद्यार्थी रोज एका वर्गात न येता चालणारे शिक्षण म्हणजे दूरशिक्षण. आपल्या देशात दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले. मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये. १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचे ब्रीदवाक्य. विद्यापीठ स्वतः वाचून समजतील अशी पुस्तके तयार करते व परीक्षा घेते. अभ्यासकेंद्र मात्र पुष्कळदा आपल्यासारख्याच एखाद्या महाविद्यालयात असते. तेथे सुटीच्या दिवशी संपर्क सत्रे भरतात.

हे शिक्षण घेते कोण? पाळीचा कामगार, लग्नानंतर शिक्षण सुटलेली गृहिणी, पोलीस शिपाई, बढतीसाठी पदवी हवी असलेला कारकून. यांना बुद्धी कमी नसते. दिवसाचे तास त्यांच्या हाती नसतात. मान्यताप्राप्त संस्थेच्या अशा पदवीचा दर्जा नियमित पदवीइतकाच आहे, असे विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२० चे नियम सांगतात. वैद्यक, अभियांत्रिकी असे अभ्यासक्रम मात्र या मार्गाने घेता येत नाहीत. म्हणून प्रवेशापूर्वी मान्यता पाहून घ्यावी.

या पद्धतीतली खरी उणीव निराळीच आहे. शंका आली की विचारायला शेजारी कोणी नसते. एकदा रात्रपाळीला निघण्यापूर्वी भावाने मला 'मागणीची लवचिकता' म्हणजे काय, ते विचारले. तो तास मी वर्गात बसून ऐकला होता, तरी मला सांगता येईना. दुसऱ्या दिवशी सरांना गाठून विचारले आणि घरी येऊन त्याला समजावले. त्याला कळले, मलाही तेव्हाच कळले.

नावापुरते शिकत होतो तो मीच. आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी वा आळीत असा एखादा विद्यार्थी असेल. आठवड्यातून एक तास त्याच्यासोबत अभ्यासाला बसावे, एवढे तर आपल्या हाती आहे.