मांद्रे, महाड आणि आमची दहावीची मुलं

नाताळच्या सुट्टीत मी मोप्याला घरी होते. कपेलाकडे गोठा सजवायला वाड्यावरची मुलं जमली होती. त्यांत दहावीतली एक मुलगी, विज्ञानात चांगली हुशार. पुढे काय करणार, असं विचारलं तर म्हणाली, "दिदी, डॉक्टर जावंक म्हाका जमचें ना. नीट खूप कठीण. मी कॉमर्स घेणार." विषय तिथेच संपला. तिच्या बोलण्यात जराही खंत नव्हती, तेच मला लागलं. सहा वर्षांपूर्वी मीही जवळजवळ हेच बोलले होते.

साहित्य घेतल्याचा मला पश्चात्ताप नाही. पण विज्ञान पारखून बघून मी ते सोडलं, असंही नाही. आमच्याकडे 'मेडिकल' म्हणजे डॉक्टर, नाहीतर नर्स. रोग कशामुळे होतो, औषध खरंच लागू पडतं का, हे शोधणारी माणसं असतात आणि तो त्यांचा पोटापाण्याचा उद्योग असतो, हे कोणी सांगितलंच नव्हतं. ५ जानेवारी २०२३ पासून आमच्या सड्यावरून विमानं उडतात, त्यामुळे आता मुलांना विमानतळावरची नोकरी आणि हॉटेल लाईन ठाऊक आहे. त्यात वाईट काही नाही. जे रोज दिसतं त्याचंच स्वप्न पडतं. संशोधन दिसत नाही.

खरं म्हणजे आमच्याच तालुक्यात ते दिसायला हवं होतं. डॉ. भाऊ दाजी लाड यांचा जन्म १८२२ चा, पेडण्यातल्या मांद्र्याचा. मुंबईत त्यांच्या नावाचं म्युझियम आहे, ते पाहून आलेले लोक आमच्याकडे भेटतात, पण भाऊ दाजी मांद्र्याचे हे त्यांतल्या किती जणांना माहीत असतं? मुंबईत वडील मातीच्या बाहुल्या विकत. मुलाचं बुद्धिबळ पाहून एका इंग्रजाने याला इंग्रजी शिकवा म्हटलं, असं सांगतात. १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज निघालं. तिथून १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी होते. जुन्या संस्कृत ग्रंथांत सांगितलेली औषधं खरंच गुण देतात का, हे त्यांना तपासून पाहायचं होतं. 'खष्ट' नावाच्या झाडाच्या बियांचा कुष्ठरोगावर किती उपयोग होतो, याचे प्रयोग त्यांनी केले. 'ग्रंथात आहे म्हणून खरं' असंही नाही आणि 'जुनं आहे म्हणून खोटं' असंही नाही.

याच जातीच्या झाडांच्या तेलाची पुढची गोष्ट हवाई बेटांवर घडली. तेल इतकं घट्ट की टोचता येत नसे, पोटात घेतलं तर मळमळ. १९१५ च्या सुमारास ॲलिस बॉल या कृष्णवर्णीय तरुणीने त्यातून टोचता येईल असा पदार्थ तयार केला. तेव्हा ती तेवीस वर्षांची होती, माझ्याहून फक्त दोन वर्षांनी मोठी. १९१६ च्या अखेरीस ती वारली. तिच्या पद्धतीला काही काळ तिच्या वरिष्ठाचंच नाव चिकटलं. (हे वाचून मला दिवसभर राग येत होता.)

पण मुलांना सांगायला मला सगळ्यांत जवळची वाटते ती डॉ. हिम्मतराव बावस्कर यांची गोष्ट. जालना जिल्ह्यातलं देहेड हे त्यांचं गाव. घरची गरिबी. त्यांचं 'बॅरिस्टरचं कार्टं' हे आत्मचरित्र आपल्या मंडळातल्या प्रत्येकाने वाचावं. डॉक्टर झाल्यावर ते महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेले लोक, त्यांत लहान मुलं बरीच, तिथे यायची आणि डोळ्यांदेखत जायची. ठरलेला उपचार नव्हता. प्रयोगशाळाही नव्हती. बावस्करांनी रुग्णाशेजारी बसून टिपायला सुरुवात केली: उलटी कधी झाली, घाम किती, हातपाय कधी गार पडले, नाडी, रक्तदाब, श्वास. या नोंदी पुढे १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या लंडनच्या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आल्या.

त्या टिपणांमधून जे दिसलं ते असं. विंचवाच्या विषाने शरीरातली धोक्याच्या वेळची रसायनं एकदम उसळतात, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. मग आवळलेल्या वाहिन्या सैल करणारं औषध का देऊ नये? रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी त्यांनी वापरली. गंभीर रुग्णांमध्ये शेकडा चाळीसच्या घरात असलेले मृत्यू शेकडा एकाच्या आसपास आले. २०११ मध्ये बावस्कर पती-पत्नींचा अभ्यास 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. नुसती प्राझोसिन बरी की सोबत विंचवाची प्रतिलसही द्यावी, हे महाडला सत्तर रुग्णांवर तपासलं होतं. सोबत लस दिलेले लवकर सावरले.

यात भाषेचं काम किती आहे, ते बघा. 'हातपाय कधी गार पडले' हे घाबरलेल्या आईला तिच्या बोलीत विचारावं लागतं, आणि तिचं उत्तर हाच पुरावा. माकडतापाचंही तसंच. त्याचा विषाणू १९५७ मध्ये कर्नाटकात सापडला. २०१५ मध्ये तो सत्तरीत पालीला आला, २०१६ मध्ये शेजारच्या दोडामार्गात. तो पसरतो गोचिडीतून. काजूच्या बागेत कोण, कधी, कुठल्या पाचोळ्यात बसतं, हे बाहेरून आलेल्या संशोधकाला विचारत फिरावं लागेल. आमच्या पोरांना ते पाठ आहे. चौथीपर्यंत मराठीत आणि पाचवीपासून एकदम इंग्रजीत विज्ञान शिकताना आम्ही अडखळलो, पण दोन्हीकडचं ऐकू येणारा कान तिथेच तयार झाला.

वाट कशी, ते थोडक्यात. अकरावीला विज्ञान घ्यायचं. नीट नसली तरी बीएस्सी, एमएस्सी, मग पीएचडी करता येते. 'आयसर'ची प्रवेश परीक्षा वेगळी, आपल्याला सोयीची संस्था पुण्यात. शाळेत असतानाच 'इन्स्पायर-मानक'ला कल्पना पाठवता येते, निवड झाली तर दहा हजार रुपये मिळतात, मात्र ती शाळेमार्फतच जाते, म्हणून शिक्षकांच्या मागे लागावं लागतं. आणि हेही सांगायला हवं, की ही वाट लांबची आहे. पीएचडी होईपर्यंत तिशी जवळ येते, बरोबरीचे मित्र तेव्हा कमावते झालेले असतात. ज्या घरात पहिला पगार लवकर लागतो, तिथे हे आधीच बोललेलं बरं.

गोठ्याचं गवत पसरता पसरता मी त्या मुलीला बिरवाडीची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "जी मुलं वाचली नाहीत, त्यांचंही त्यांनी लिहून ठेवलं?"

"हो. सुरुवात तिथूनच झाली."

"रडत लिहिलं असेल," ती म्हणाली, आणि उरलेलं गवत आणायला गेली. कॉमर्सचं अजून तेच म्हणते आहे. अकरावीचे फॉर्म निघतील तेव्हा मी तिच्या घरी जाणार आहे, तिच्या आईशी बोलायला.