निर्जन बेटावर कोणत्या मिरच्या न्याल? – वर्गात आणि घरी घेता येईल असा उपक्रम



आजच्या उपक्रमाला साहित्य फारसं लागत नाही. वही, पेन आणि स्वयंपाकघरातल्या दोन-तीन प्रकारच्या मिरच्या एवढं पुरे. इयत्ता पाचवी ते आठवीच्या मुलांना पुढील प्रश्न फळ्यावर लिहून द्या.

"तुम्हाला एका निर्जन बेटावर पाच वर्षे राहायचे आहे. तिथे माती आहे, पाऊस आहे, मासे आणि नारळ आहेत. दुकान मात्र नाही. मिरचीच्या फक्त तीन वाणांचे बी सोबत नेता येईल. कोणते तीन न्याल? का?"

पहिली उत्तरं ठरलेली असतात. कोणी म्हणेल "सगळ्यात तिखट", कोणी म्हणेल "भज्यांची मिरची". लिहू द्या. खरा अभ्यास "का?" या शब्दापासून सुरू होतो. तिथे मुलांना पुढील चार प्रश्नांकडे न्यावे.

१) पुढच्या वर्षी तीच मिरची येईल का?

बाजारातलं बरंचसं बियाणं संकरित म्हणजे हायब्रिड असतं. त्याच्या फळातलं बी उगवतं, पण रोपं आईसारखी येतीलच असं नाही. एक झाड उंच, दुसरं बुटकं, फळंही वेगवेगळी. म्हणून शेतकरी दरवर्षी नवीन पाकीट आणतो. हायब्रिड वाईट असं मुलांना सांगू नका, त्याचं उत्पन्न चांगलं येतं. पण जिथे दुकानच नाही तिथे देशी किंवा सरळ वाणच हवं.

२) शेजारी कोणती मिरची लावली आहे?

"ढोबळीशेजारी तिखट मिरची लावली की ढोबळी तिखट होते" असं आपण ऐकतो. त्या वर्षीचं फळ बदलत नाही. मात्र मधमाशीने एका फुलाचे पराग दुसऱ्यावर नेले, तर त्या फळातल्या बियांत संकर होतो आणि फरक पुढच्या पिढीत दिसतो. बीजोत्पादन करताना दोन वाणांमध्ये शेकडो मीटर अंतर ठेवतात ते यासाठीच. बेट लहान असेल तर काय करायचं? इथे मुलांना थोडं थांबून विचार करू द्या. उपाय सोपा आहे. मिरचीच्या एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात. कळी उमलण्यापूर्वी फांदीवर मलमलची पिशवी बांधायची, फळ धरलं की पिशवी काढून दोरा बांधून खूण करायची. बी त्याच फळाचं ठेवायचं.

३) मिरची कशासाठी हवी?

हिरव्या मिरचीत क जीवनसत्त्व भरपूर असतं. हंगेरीतले शास्त्रज्ञ अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी क जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणावर मिळवलं ते मिरचीच्याच जातीतल्या पाप्रिकापासून. त्यांना १९३७ चं नोबेल मिळालं. वाळवल्यावर आणि शिजवल्यावर हे जीवनसत्त्व बरंच कमी होतं. म्हणजे ताजी खायला एक वाण हवं आणि पावसाळ्यासाठी वाळवून ठेवायला दुसरं.

४) किती झाडं लागतील?

इथे गणित घ्या. गृहीत धरा, रोज ५ मिरच्या लागतात आणि एका झाडाला वर्षात ६० येतात. ५ × ३६५ = १८२५. त्याला ६० ने भागल्यावर ३० पेक्षा थोडं जास्त, म्हणजे ३१ झाडं. मग बियांसाठी राखायची झाडं वेगळी.

माझी यादी अशी आहे. ताजी खायला ज्वाला : लांब, सुरकुतलेली, तिखट, आणि सरळ वाण. वाळवायला ब्याडगी, म्हणजे आपली बेडगी. हावेरी जिल्ह्यातल्या या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. तिखटपणा कमी, रंग गडद लाल, माशाच्या कालवणाला हाच रंग हवा. तिसरी लवंगी, कारण दोन मिरच्यांत भांडंभर आमटी झणझणीत होते. कोणी विद्यार्थी भूत जोलोकिया लिहील. ईशान्य भारतातली ही मिरची २००७ मध्ये गिनीज बुकात जगातली सर्वांत तिखट म्हणून नोंदली गेली होती. "रोजच्या जेवणात खाशील का?" एवढंच विचारा. नागपूरकडची मुलं भिवापुरी लिहितील, कोल्हापूरची संकेश्वरी, गोव्यातली खोलाची. कारण पटलं तर उत्तर बरोबर.

मिरची कापून दाखवायची असेल तर ती शिक्षकांनी किंवा पालकांनीच कापावी. तिखटपणा मुख्यतः बिया धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या शिरांत असतो, बियांत नाही. हाताला लागलं तर डोळ्यांना हात लावू देऊ नका. हे द्रव्य पाण्यात विरघळत नाही, म्हणून आधी तेल चोळून मग साबण लावावा. तोंड भाजलं तर दूध किंवा दही द्यावं. पक्ष्यांना मात्र हा तिखटपणा जाणवत नाही. ते फळं खातात आणि बिया दूरवर पसरवतात. बेटावर हे उपकारक की त्रासदायक, यावर छान चर्चा होते.

शेवटी मुलांना एक गोष्ट जरूर सांगा. मिरची मूळची अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती इकडे आली. त्याआधी आपल्याकडे तिखटासाठी मिरी, पिंपळी, आलं होतं. मग इतकी वाणं कुठून आली? दरवर्षी कोणीतरी चांगलं झाड हेरलं, त्याचं फळ लाल होऊ दिलं, सावलीत वाळवलं आणि बी डब्यात राखून ठेवलं. हे काम बहुतेक घरांत बायकांनी केलं. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणं जपण्याच्या कामासाठी २०२० चा पद्मश्री जाहीर झाला.

मिरचीचं बी साध्या डब्यात साधारण दोन-तीन वर्षं चांगलं उगवतं. नंतर उगवण घटत जाते. एखादं वाण गावात एकाच घरी उरलं असेल आणि तिथल्या आजींनी चार-पाच वर्षं पेरलं नाही, तर ते संपलं.

म्हणून गृहपाठ असा द्या : आजी-आजोबांना विचारा, पूर्वी परसात कोणती मिरची लावत? तिचं बी आज कोणाकडे आहे? मिळालं तर चिमूटभर मागून आणा. १० बिया कुंडीत पेरा, उरलेल्या कागदाच्या पुडीत ठेवून त्यावर वाणाचं नाव, गाव आणि वर्ष लिहा. ऊब असेल तर आठ-दहा दिवसांत कोंब दिसू लागतील. कुंडीत पाणी साचू देऊ नका.