पैशाचे इंग्रजी शब्द

आपल्या मराठीत भाडे हा एकच शब्द आहे. एस.टी.चे भाडे, खोलीचे भाडे, ट्रॅक्टरचे भाडे. इंग्रजीत तसे चालत नाही. गाडीत बसून गेल्याचे जे पैसे, ते फेअर. दुसऱ्याच्या खोलीत राहिल्याचे दर महिन्याचे पैसे, ते रेंट. पुस्तकात दोन्हींचा अर्थ भाडे असाच दिलेला असतो, म्हणून मुलांचा घोटाळा होतो.

एस.टी.त ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट असते. मार्च २०२३ पासून बायकांनाही अर्धे झाले. म्हणजे मी आणि आई तालुक्याला गेलो तर आम्हा दोघांचे मिळून एक फुल फेअर होते. त्याचे स्पेलिंग एफ-ए-आर-ई. एफ-ए-आय-आर लिहिले की त्याची जत्रा होते! कानाला दोन्ही सारखेच लागतात.

फी आणि फाइन यात फी म्हणजे शिकवल्याचे किंवा तपासल्याचे पैसे, जसे डॉक्टरांची फी. आपल्या शाळेला फी नाही, कारण २००९ च्या कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या मुलांचे शिक्षण मोफत आहे. फाइन म्हणजे दंड. फाइन म्हणजे छान असाही अर्थ आहे, पण दंड भरताना कुणाला छान वाटत असेल असे मला वाटत नाही.

आता बिल आणि रिसीट. हे मोठ्या माणसांनीही वाचावे. बिल म्हणजे पैसे मागणारा कागद. रिसीट म्हणजे पैसे पोचल्याचा कागद, आपली पावती. रिसीटच्या स्पेलिंगमध्ये पी येतो, पण तो बोलायचा नाही.

आमच्या घरी लाइटची बिले आणि पावत्या एकाच तारेत ओवलेल्या असतात. दिवाळीच्या सुट्टीत मी तार सोडवून दोन ढीग केले. चालू महिन्याचे बिल सोडून बिले ११ आणि पावत्या ९ निघाल्या. आजी म्हणाली, "आता दोन बिलं भरली का न्हाई, कसं कळायचं?" बिलात थकबाकीचा रकाना असतो. मागचे पैसे राहिले तर ते पुढच्या बिलात तिथे येतात. एका बिलाच्या पुढच्या महिन्यात थकबाकी नव्हती, म्हणजे पैसे पोचले होते, नुसती पावती हरवली. दुसऱ्याचे पैसे मात्र चालू बिलात थकबाकी म्हणून आले होते. नाना दुसऱ्या दिवशी जाऊन दोन्ही भरून आले. आता आमच्याकडे दोन तारा आहेत.

बियाण्याच्या दुकानातले बिल मात्र पैसे देऊनच मिळते, म्हणून त्याला बिल म्हटले तरी ते पावतीचेच काम करते. पीक निघेपर्यंत ते बिल, पिशवी आणि पिशवीचे लेबल जपून ठेवावे. बी उगवले नाही तर तक्रार करताना हेच मागतात.

राहिले कॉस्ट आणि प्राइस. कांदा पिकवायला आपला जो खर्च झाला ती कॉस्ट, आणि बाजारात जो भाव मिळाला ती प्राइस. नाना म्हणतात, हा फरक त्यांना इंग्रजी न शिकताच कळला.

ओळखा पाहू : आईला खुरपणीचे पैसे मिळाले. ते फेअर, फी, प्राइस की वेजेस? उत्तर शनिवारी फळ्यावर लिहीन.

– इयत्ता चौथी