मुक्त सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका



कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या शाळेंतील दोन हुशार विद्यार्थ्यांनीं ग्रंथालयाच्या देवघेवीची नोंद ठेवणारा एक छोटासा प्रोग्राम रचिला, व तो सर्वांस वाचावयास आणि सुधारावयास मोकळा ठेविला. पुढें ते दोघे शाळा सोडून गेले, आणि एके दिवशीं प्रोग्राम अडला. त्याचा सारा मूळ मजकूर आमच्यापुढें होता. पण तो चालवावा कसा, हें कोठेंच लिहिलेलें नव्हतें. शेवटीं जुनी वही पुनः काढावी लागली. ओपन सोर्स सॉफ्टवेअर नुसतें मोकळें असून भागत नाहीं, त्यासोबत चांगली माहितीपुस्तिका हवी, हा धडा आम्हांस त्या दिवशीं मिळाला.

अशी पुस्तिका कोणत्या पद्धतीनें लिहावी व कोणत्या साधनानें सिद्ध करावी, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. तथापि पुस्तिकेंतील चूक कोण सुधारूं शकेल, हें पुष्कळ अंशीं त्यावरच अवलंबून असतें.

या विषयांत एक जुना कित्ता पाहण्यासारखा आहे. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्सन व डेनिस रिची यांनीं युनिक्स नांवाची प्रणाली रचिली. तिची पहिली पुस्तिका नोव्हेंबर १९७१ मध्यें निघाली. तींत प्रत्येक आज्ञेचें नांव, वापरण्याची रीत व वर्णन ठराविक क्रमानें दिलेलें असे. आणि ‘दोष’ या मथळ्याखालीं त्या आज्ञेंतील उणिवाहि नमूद केलेल्या असत. आपल्या कामांतील उणीव आपणच लिहून ठेवावी, हा प्रामाणिकपणा अनुकरणीय नव्हे काय?

आतां पायथन भाषेचें उदाहरण घेऊं. ही ओपन सोर्स भाषा १९९१ सालीं प्रसिद्ध झाली. तिची पुस्तिका अनेक वर्षें लॅटेक् पद्धतीनें लिहिली जाई. लॅटेक् ही छपाईसाठीं उत्कृष्ट पद्धति होय. गणिताचीं सूत्रें तींत फार सुबक उमटतात. परंतु तिच्यांत उलट्या तिरप्या रेघा व महिरपी कंस जागोजागीं घालावे लागतात, आणि एक कंस मिटावयाचा राहिला तरी काम अडतें. ज्यास केवळ एक चुकलेला शब्द सुधारावयाचा असेल, त्यानें एवढी विद्या कोठून आणावी? २००७ सालीं गेऑर्ग ब्रांडल यांनीं ती सारी पुस्तिका रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट नांवाच्या सोप्या पद्धतींत आणिली, व त्यासाठीं स्फिंक्स हें साधन रचून २००८ सालीं तेंहि सर्वांस खुलें केलें. या पद्धतींत मथळ्याखालीं चिन्हांची ओळ काढावयाची व दोन परिच्छेदांमध्यें एक ओळ कोरी सोडावयाची. त्यामुळें कच्चा मजकूरहि सहज वाचतां येतो. त्याच मजकुरापासून स्फिंक्स इंटरनेटवरील पानें तयार करितें, आणि छपाईसाठीं लॅटेक् मजकूरहि काढून देतें. म्हणजे लॅटेक् टाकून दिलें नाहीं. त्याचें ओझें मात्र लेखकाच्या डोक्यावरून उतरलें. लिनक्सच्या गाभ्याचे कर्तेहि २०१६ पासून डॉकबुक ही किचकट पद्धति सोडून याच मार्गाकडे वळले.

यावरून सर्वांनीं स्फिंक्सच वापरावें असें मात्र ठरत नाहीं. लहान कामास मोठें साधन म्हणजे चिमणीसाठीं तोफ. २००४ सालीं जॉन ग्रूबर यांनीं प्रसिद्ध केलेली मार्कडाउन पद्धति याहूनहि सोपी आहे. एका पानाच्या पुस्तिकेस ती पुरेशी होते. पण पानें शेंकडों झालीं, व एका प्रकरणांतून दुसऱ्याचा अचूक निर्देश करण्याची गरज पडली, म्हणजे मूळ मार्कडाउन अपुरी पडते, आणि स्फिंक्ससारखें साधन उपयोगीं येतें.

निवड करितांना तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली, पुस्तिका साध्या मजकुराच्या रूपांत प्रोग्रामच्या शेजारींच ठेवावी. म्हणजे एकांत बदल करितांना दुसरीचा विसर पडत नाहीं, आणि कोणती ओळ केव्हां व कोणीं बदलली हेंहि कळतें. दुसरी, पुस्तिकेंतील उदाहरणें प्रत्यक्ष चालवून पाहावीं. हें काम स्फिंक्सकडूनहि करवून घेतां येतें. तिसरी व मुख्य गोष्ट ही कीं, साधन निवडतांना निष्णात लेखकाची सोय न पाहतां नवख्या वाचकाची पाहावी. ज्याचें जळतें त्यालाच कळतें. पुस्तिकेंतील चूक प्रथम त्यालाच बोंचते. ती सुधारण्याची वाट त्यालाच मोकळी असली पाहिजे.

ग्रंथालयाचा तो प्रोग्राम यंदा नववीच्या विद्यार्थ्यांनीं पुनः चालू केला आहे. त्यासोबत मार्कडाउनमध्यें लिहिलेलें एक पान आहे, आणि त्याच्या शेवटीं ‘दोष’ असा मथळा आहे. त्याखालीं तूर्त चार ओळी आहेत. ज्या विद्यार्थ्यास पांचवा दोष सांपडेल, त्यानें तो तेथें अवश्य लिहावा. आणि साधल्यास एक ओळ खोडण्याचाहि मान मिळवावा.