वजनकाटा काय सांगत नाही?



२००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात दोन डॉक्टरांचे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. एक पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारी संख्या, सारखाच होता : २२.३. परंतु क्ष-किरणांच्या साहाय्याने दोघांच्या शरीरातील मेद मोजला, तेव्हा युडकिन यांच्या शरीरात तो ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाला! युडकिन मॅरेथॉन धावणारे. याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे, दोघांनी गमतीने लिहिल्याप्रमाणे, रुग्णालयातील लिफ्टचे दार बंद होण्याआधी धावत जाऊन ती गाठणे.

ही केवळ गंमत नव्हे. आपल्याकडे दिसायला सडपातळ, पण शरीरात मेद जास्त, अशी माणसे पुष्कळ आढळतात आणि त्यांना कमी वजनातही मधुमेह गाठू शकतो. उलट, वजन वाढले म्हणून घाबरून जेवण सोडणारी मुलेमुलीही आपण पाहतो. दोघांचीही फसगत एकाच गोष्टीने होते : काट्यावरचा आकडा.

व्यायामशाळेत नाव घातले, की प्रशिक्षक नाडी मोजतो, कातडीची घडी चिमट्यात धरतो, विजेच्या काट्यावर उभे करतो आणि आकड्यांनी भरलेला कागद हाती देतो. त्यातला कोणता आकडा खरोखर मोजलेला आणि कोणता हिशेबाने काढलेला? हा प्रश्न वैद्यकाइतकाच भौतिकशास्त्राचाही आहे. आज तोच सोडवू.

हृदय : एक पंप

स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाचे हृदय एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकलते. मिनिटाला ७० ठोके धरले, तर ७० × ७० = ४९०० मिलिलिटर, म्हणजे जवळजवळ पाच लिटर रक्त मिनिटाला फिरते. आता समजा, नियमित धावण्याच्या सरावाने हृदय एका ठोक्याला १०० मिलिलिटर रक्त ढकलू लागले. विश्रांतीच्या वेळची शरीराची गरज तर तेवढीच आहे. मग किती ठोके पुरतील? ४९०० ÷ १०० = ४९. लांब पल्ल्याच्या धावपटूंची नाडी संथ का असते, हे आता तुमच्या ध्यानात येईल.

सरावाने हृदयाच्या ठोक्यांचा कमाल वेग फारसा वाढत नाही. वाढते ते एका ठोक्याचे काम. हा कमाल वेग '२२० वजा वय' या सूत्राने काढण्याची पद्धत आहे. सूत्र सोपे आहे, पण ते अनेक माणसांच्या सरासरीचे आहे. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत मिनिटाला दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. २००१ साली प्रसिद्ध झालेले दुसरे सूत्र '२०८ वजा वयाच्या ०.७ पट' असे आहे. पासष्टीच्या माणसाला पहिले सूत्र १५५ देते, दुसरे १६२.५. हृदय मात्र दोन्ही सूत्रे न वाचताच चालत असते!

पायरी आणि लंबक

हृदयाची खरी परीक्षा श्रमानंतर होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात पायरीची चाचणी तयार झाली. वीस इंच उंच बाकावर मिनिटाला तीस वेळा, पाच मिनिटे चढायचे-उतरायचे. ती फार दमवणारी आहे. तुमच्यासाठी सौम्य चाचणी सांगतो. ३० सेंटिमीटर उंचीची भक्कम पायरी घ्या. मिनिटाला २४ वेळा, याप्रमाणे तीन मिनिटे चढा-उतरा.

ठेका कसा धरायचा? उजवा पाय वर, डावा वर, उजवा खाली, डावा खाली असे एका फेरीत चार ठोके. म्हणजे मिनिटाला ९६ ठोके आणि दोन ठोक्यांत ६० ÷ ९६ = ०.६२५ सेकंद. दोरीला दगड बांधून लंबक करा. दगड एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेला की एक ठोका. तेव्हा पूर्ण आंदोलनाचा काळ १.२५ सेकंद हवा. T = २π√(L/g) या सूत्रात g = ९.८ घातल्यास L सुमारे ३९ सेंटिमीटर येते. ही लांबी टांगण्याच्या बिंदूपासून दगडाच्या मध्यापर्यंत मोजा. झोका लहान ठेवा आणि तो मंदावला तर हलकेच ढकला; आंदोलनकाळ जवळजवळ बदलणार नाही. सतराव्या शतकाच्या आरंभी इटलीतील सांतोरिओ नावाच्या वैद्याने लंबकाची लांबी कमीजास्त करून ती रुग्णाच्या नाडीशी जुळवली होती. तेव्हा ही जोडी जुनीच आहे.

तीन मिनिटे होताच लगेच खाली बसा. मनगटावर अंगठ्याच्या बाजूस तर्जनी व मध्यमा टेकवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. अंगठ्याने मोजू नये. त्याची स्वतःची नाडी जाणवते. दहा सेकंद मोजून सहाने गुणण्याचा मोहही टाळा, कारण मोजण्यात एका ठोक्याची चूक झाली तर उत्तरात सहांची होते. सरावलेल्या हृदयाची नाडी या मिनिटात झपाट्याने उतरते, म्हणून एकूण ठोके कमी भरतात.

ही चाचणी शिक्षकांसमोरच करावी. हृदयविकार, दमा, ताप किंवा सांधेदुखी असणाऱ्यांनी ती करू नये. चक्कर आली किंवा छातीत दुखू लागले, तर तत्काळ थांबावे.

आर्किमिडीजची मदत

आता मेदाकडे वळू. तुपाचा गोळा पाण्यावर तरंगतो, मटणाचा तुकडा बुडतो. शरीरातील मेदाची घनता सुमारे ०.९ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर आहे. स्नायू, हाडे, पाणी वगैरे उरलेल्या शरीराची सरासरी घनता सुमारे १.१ आहे. मग सबंध शरीराची घनता कळली, तर मेदाचे प्रमाण काढता येईल, नाही का?

समजा, १ ग्रॅम शरीरात f ग्रॅम मेद आहे आणि शरीराची घनता D आहे. घनफळांची बेरीज अशी :

१/D = f/०.९ + (१ − f)/१.१

हे सोडवल्यास f = ४.९५/D − ४.५ मिळते. शंभराने गुणले की टक्केवारी येते : ४९५/D − ४५०. हे 'सिरी यांचे सूत्र' म्हणून प्रसिद्ध आहे. तुम्ही ते नववीच्या बीजगणिताने सिद्ध केलेत!

उदाहरण घेऊ. एका माणसाचे हवेतील वजन ६० किलोग्रॅम आहे. श्वास पूर्ण सोडून पाण्यात बुडल्यावर काटा २.६ किलोग्रॅम दाखवतो. म्हणजे त्याने ५७.४ लिटर पाणी बाजूस सारले. पण श्वास कितीही सोडला तरी फुप्फुसात थोडी हवा उरतेच, ती १.२ लिटर धरू. शरीराचे खरे घनफळ ५६.२ लिटर, घनता ६० ÷ ५६.२ = १.०६८ आणि मेद सुमारे १३.७ टक्के. आता फुप्फुसातील हवा विसरून गणित करा. उत्तर २३.६ टक्के येते! सव्वा लिटरहून कमी हवेने एका धडधाकट माणसाच्या अंगावर दहा टक्के मेद चढवला.

या पद्धतीचा एक उपयोग इतिहासात नोंदला गेला आहे. १९४२ साली अमेरिकी नौदलातील डॉ. आल्बर्ट बेन्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी व्यावसायिक फुटबॉलपटूंना असे पाण्यात तोलले. त्यांतील बरेच जण सैन्याच्या वजन-उंचीच्या कोष्टकाप्रमाणे 'अतिवजनी' ठरत होते. त्यांच्या शरीराची घनता मात्र जास्त निघाली. जास्तीचे वजन मेदाचे नव्हते, स्नायूंचे होते.

(हा प्रयोग विहिरीत किंवा नदीत करून पाहू नका. त्यासाठी खास टाकी व जाणकार माणसे लागतात.)

विजेचा काटा

व्यायामशाळेतील काटा तळपायांतून अतिशय क्षीण प्रवाह सोडतो व शरीराचा रोध मोजतो. स्नायूंत क्षारयुक्त पाणी भरपूर असते, म्हणून ते वाहक, मेद मंदवाहक. तारेचा रोध R = ρL/A हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यावरून तारेचे घनफळ ρL²/R येते. शरीर ही एक तार मानून यंत्र उंचीचा वर्ग व रोध यांवरून शरीरातील पाणी काढते, पाण्यावरून मेद सोडून उरलेले शरीर आणि त्यावरून मेद. वय, उंची, लिंग तर तुम्हीच त्याला सांगता. मोजलेले आकडे फक्त वजनाचा आणि रोधाचा. पुढचे सारे अनुमान. म्हणून घाम गाळून आल्यावर किंवा जेवणानंतर तोच काटा वेगळा मेद दाखवतो.

मग ही साधने टाकाऊ का? मुळीच नाही. एकाच काट्यावर, एकाच वेळी, उदाहरणार्थ दर रविवारी सकाळी उठल्यावर मोजमाप केले, तर यंत्राची ठरावीक चूक दर वेळी जवळजवळ तेवढीच राहते आणि फरक बराचसा खरा मिळतो. म्हणून आपली तुलना शेजाऱ्याशी न करता स्वतःच्या मागील महिन्याशी करावी. शिक्षकांनीही वर्गात कोणाचे आकडे मोठ्याने वाचू नयेत. प्रौढांसाठी ठरवलेल्या बीएमआयच्या मर्यादा वाढत्या वयाच्या मुलांना जशाच्या तशा लावूही नयेत.

कोणताही आकडा हाती आला, की तीन प्रश्न विचारा : प्रत्यक्ष मोजले काय? गृहीत धरले काय? चूक किती असू शकेल? प्रयोगशाळेत हे प्रश्न तुम्ही तारेला आणि लंबकाला विचारता. ते स्वतःच्या शरीराबाबतही विचारायला काय हरकत आहे?

करून पाहा

१. पायरीची चाचणी आज करा, रोज अर्धा तास भरभर चालून दोन महिन्यांनी पुन्हा करा. दोन्ही आकडे वहीत लिहा.

२. वरील उदाहरणात उरलेली हवा १.२ ऐवजी १.५ लिटर धरली, तर मेद किती टक्के येईल?

३. ठेका मिनिटाला १२० ठोक्यांचा हवा असेल, तर लंबक किती लांब घ्याल?