बेसबॉलच्या फटक्याचं बळ कुठून येतं?

प्रश्न : बेसबॉलचे सामने पाहताना दिसतं, की बरेच फलंदाज फटक्याआधी पुढचा पाय चक्क उचलतात. तोल जाईल असं वाटतं, पण चेंडू चारशे फुटांवर जाऊन पडतो. एवढं बळ दंडांत असतं का? आणि पाय कशासाठी उचलायचा?
— एक वाचक, सांगली

उत्तर : बळाचा उगम दंडांत नाही. शरीरातले मोठे स्नायू मांड्यांत, नितंबांत आणि कमरेभोवती आहेत, फटका तिथूनच निघतो. फलंदाज आधी मागच्या पायावर भार घेतो आणि मग पुढचा पाय पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या दिशेने टाकतो. हा पाय टेकून ताठ होऊ लागला, की पुढे झेपावलेलं शरीर तिथे अडतं आणि त्याची गती कमरेच्या फिरण्यात उतरते. कमर वळू लागते तेव्हा खांदे अजून मागेच असतात, त्यामुळे धडाला पीळ बसतो. पुढे कमर मंदावते तसे खांदे वेग घेतात, खांदे मंदावतात तसे हात, आणि सगळ्यात शेवटी बॅटचं टोक. आसूड ओढणाऱ्याचा हात थांबतो तेव्हाच टोक कडाडतं, तसंच हे. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये साधारण ९०० ग्रॅमची बॅट ताशी सरासरी ११५ किलोमीटरच्या आसपास वेगाने फिरते. तिथल्या जियानकार्लो स्टँटनची तर १३०च्या घरात जाते.

हा क्रम मला आणखी एका कारणासाठी विलक्षण वाटतो. पिचर १८.४४ मीटरवर उभा असतो. ताशी दीडशे किलोमीटरचा चेंडू पोहोचायला जेमतेम ०.४ सेकंद लागतात, त्यातले सुमारे ०.१५ सेकंद बॅट फिरवण्यातच जातात. म्हणजे चेंडू नीट ओळखण्याआधीच पाऊल टाकावं लागतं. हात मागे राहतात, म्हणूनच फटका आवरायला शेवटची संधी उरते.

ऐन टोल्याच्या वेळी मनगटाने जोर लावला तर? काही उपयोग नाही. चेंडू आणि बॅट एकमेकांना भिडतात ते सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी काळ. हातांचा दाब पोहोचेपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो. जे कमवायचं ते त्याआधीच.

आता पाय उचलण्याबद्दल. तो उचलला, की भार आपोआप मागच्या पायावर जातो. जपानच्या योमिउरी जायंट्स संघाच्या सादाहारू ओहने १९६१ साली १३ होमरन (थेट मैदानाबाहेर जाणारे फटके) मारले होते. त्याला फटक्याची वेळ साधत नव्हती. प्रशिक्षक हिरोशी अराकावा यांनी त्याला एका पायावर उभं राहायला शिकवलं, तोल आणि एकाग्रतेसाठी ऐकिदो या युद्धकलेचा आणि तलवारीचा सराव करून घेतला. १९६२मध्ये त्याने ३८ होमरन मारले आणि १९८०मध्ये निवृत्त होईपर्यंत एकूण ८६८. पण पाय उंच उचलायलाच हवा असं नाही. जपानच्याच शोहेई ओहतानीने २०१८मध्ये अमेरिकेत गेल्यावर ती सवय सोडली. तो पुढच्या पायाचा चवडा नुसता टेकवतो आणि तरीही चेंडू प्रेक्षकांत भिरकावतो, कारण भार मागे घेऊन पुढच्या पायावर अडवणं तेवढ्यातही साधतं.