ॲसिड सोडण्याआधी

शहागडच्या आसपासची पोरं साखर कारखान्यात काम शिकतात आणि हंगाम संपला की ठेकेदाराबरोबर मिळेल त्या कारखान्याच्या शटडाउनला जातात. मीही असाच विदर्भातल्या एका कागद कारखान्यात गेलो होतो. जाणाऱ्यांसाठी लिहितो आहे.

इव्हॅपोरेटर, म्हणजे द्रव आटवायचं यंत्र, साखर आणि कागद दोन्हीकडे. साखरेत नळ्यांना खपली धरली की आपण कॉस्टिक उकळतो, लागलं तर ॲसिड फिरवतो, ब्रश मारतो. कागदाकडे मात्र नळ्यांतून ब्लॅक लिकर जातं, म्हणजे बांबू-लाकूड शिजवून उरलेलं काळं पाणी. त्यात सोडियम सल्फाइड असतं, आणि त्याला ॲसिड लागलं की हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सुटतो. आपला साखरेतला सराव इथेच घात करतो.

आमच्या शटडाउनला इव्हॅपोरेटरच्या बॉडीच्या तळाशी काळा गाळ तसाच होता, वरून ॲसिड सोडलं गेलं. सडक्या अंड्यांचा वास आला आणि थोड्या वेळात नाहीसा झाला. "गेला वास, चला," असं कुणीतरी म्हणालं. वायू होता तिथेच होता, नाकं बधिर झाली होती. साधारण १०० पीपीएमला असं होतं. पुढे गेलेला हेल्पर मॅनहोलमध्येच कोसळला. कमरेच्या पट्ट्याला दोर होता, म्हणून ओढून काढता आला आणि वाचला.

तेव्हा आधी खपली ओळखा. एक तुकडा स्वच्छ धुऊन उघड्यावर तपासा. गरम पाण्यात विरघळला तर तो सोड्याचा क्षार. लिकर ५० टक्क्यांच्या आसपास दाट झालं की धरतो. त्याला ॲसिड लागतच नाही, गरम पाणी फिरवलं तरी निघतो. ॲसिडच्या थेंबाने फेस आला तर कॅल्शियम कार्बोनेट, आपल्या बोअरच्या पाण्याने बंबात धरतो तोच. दोन्हींना दाद देत नाही ती बहुधा सिलिका. बांबूत ती भरपूर असते, आणि ती खूप दाबाच्या पाण्याने किंवा घासूनच काढावी लागते.

ॲसिड वापरायचंच असेल तर बॉडी, तळ, पाइप सगळं निवळ पाणी येईपर्यंत धुतलेलं हवं. आत जाण्याआधी मीटरने वायू मोजलेला हवा. १९४८च्या कारखाना कायद्याच्या कलम ३६ने हेच सांगितलं: एक तर तपासणीनंतर जाणकाराचा लेखी दाखला, नाहीतर श्वसनयंत्र, पट्टा आणि बाहेर दोर धरलेला माणूस. दाखला मागायला लाजू नका; ठेकेदार कुरकुरला तरी कागद हातात येईपर्यंत मॅनहोलपासून लांब उभे राहा.

आणि कुणी आत पडलाच, तर श्वसनयंत्राशिवाय त्याच्यामागे उतरू नका. हा वायू हवेपेक्षा जड, तळाशीच साचतो. सोडवायला धावलेला दुसराही तिथेच पडतो.